पाण्याच्या तीन वाटा

१

पुस्तकं बांधून देणाऱ्या बाइंडरच्या घरातला गीझर सोमवारी सकाळी सव्वासहाला फुटला आणि त्याखाली उभ्या असलेल्या त्याच्या पत्नी, गल्लीच्या काकू, जागीच गेल्या. मी तिथं पोहोचले गुरुवारी. तोपर्यंत पोलिसांचं सगळं उरकलं होतं. आरोपी कोठडीत होता, जबाब झाले होते, पुरावा पाकिटात जाऊन बसला होता. आता फक्त माझी सही हवी होती. नुसती सही मागायला येणाऱ्या माणसांचा मला मनापासून राग येतो.

दाबाखाली फुटणाऱ्या वस्तू तपासणं हे माझं काम. बॉयलर, टाक्या, सिलिंडर. एकतीस वर्षं झाली. पर्समध्ये कंगवा नसला तरी दाब मोजायचं गेज असतं, म्हणून खात्यात माझ्या पाठीमागे मला गेजबाई म्हणतात. तोंडावर मॅडम.

"सरळ केस आहे मॅडम," पोलीस अधिकारी म्हणाला. आम्ही त्या घराच्या बोळात उभे होतो. एका बाजूला बाइंडरची कामाची खोली, दुसऱ्या बाजूला न्हाणीघर आणि डोक्यावर माळा. माळ्यावरची शंभर लिटरची टाकी आता फरशीवर आडवी पडली होती. तिच्या तळाचा सांधा शिवण उसवावी तसा उसवला होता. "टाकीला सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. दाब वाढला की तो थोडं पाणी बाहेर सोडतो. बरोबर ना? त्या व्हॉल्व्हच्या नळीला कोणीतरी बूच मारलं."

"कोणीतरी म्हणजे?"

"प्लंबरनं. तीन आठवड्यांपूर्वी व्हॉल्व्ह गळायला लागला, म्हणून त्यानं नवा बसवला. तोही गळायला लागला. मग अब्रू वाचवायला नळीचं तोंडच बंद केलं. बाइंडरनं तसा जबाब दिलाय. सोमवारी न्यायाधीशांपुढे सुनावणी आहे. लायसन्स तर जाईलच, वर चार-पाच वर्षं आत."

मी पाकिटातलं बूच हातात घेतलं. अंगठ्याएवढं, पितळेचं, आट्यांचं. आट्यांमधून पाणी झिरपू नये म्हणून प्लंबर पांढरी टेप गुंडाळतात. इथं टेप नव्हती. भिंगातून पाहिलं तर आट्यांवर दोरा होता, मेण लावलेला. आणि तो उलट्या बाजूनं गुंडाळला होता. बूच फिरवायला लागलं की सुटत जाईल असा.

"साहेब," मी म्हटलं, "प्लंबर झोपेतसुद्धा उलटा दोरा गुंडाळणार नाही."

२

प्लंबरला सगळी गल्ली वायसर म्हणत होती, कारण कुठलाही नळ गळला तरी 'वायसर गेलाय' हे त्याचं पहिलं वाक्य असायचं. चाळिशीतला माणूस. कोठडीतल्या बाकावर दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसला होता, शाळेत शिक्षा झाल्यासारखा.

"बूच मी मारलं नाही बाई," तो म्हणाला. "नवा व्हॉल्व्ह गळतोय म्हटल्यावर मी काकूंना सांगितलं, खाली बादली ठेवा, पण नळीला हात लावू नका. काकासुद्धा तिथंच होते."

"काका तसं म्हणत नाहीत."

"माहितीय. काकूंच्या हातचा चहा वीस वर्षं प्यालोय मी. काका माझ्या नावावर हे कसं घालतात, तेच मला कळत नाही."

"स्फोटाच्या दोन दिवस आधी, शनिवारी, तू तिथं गेला होतास असं जबाबात आहे. कशाला?"

"स्वयंपाकघरातला नळ गळत होता. सकाळी जास्त, मग कमी. नळ बघितला, माप घेतलं आणि आलो. काही बसवलं नाही, काही उघडलं नाही."

"व्हॉल्व्ह का गळतोय, असा प्रश्न तुला पडला नाही?"

त्यानं मान खाली घातली. "जुना खराब झाला असेल वाटलं. नवा गळला तेव्हा वाटलं, हाही खराब निघाला."

दुखणं म्हशीला आणि औषध पखालीला, असं मी म्हणणार होते. पण ज्याची पोरं बाहेर व्हरांड्यात डबा घेऊन उभी आहेत, त्याला म्हणी ऐकवू नयेत.

एक गोष्ट मात्र डोक्यात अडकली. बारा वर्षं न गळलेला व्हॉल्व्ह एका सकाळी गळायला लागतो, त्याच्या जागी आलेला नवाही गळतो. म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह खराब नव्हते. ते आपलं काम करत होते. मग त्या घरातला दाब एकाएकी वाढला कशानं?

३

मी बाइंडरच्या शेजारणीचं दार वाजवलं. हिचं घर अगदी तसंच, टाकीही तशीच. तिच्या बोळात शिरले आणि पहिलीच वस्तू दिसली ती व्हॉल्व्हच्या नळीखाली ठेवलेली बादली.

"हे कधीपासून?"

"झाले की तीन आठवडे. रोज सकाळी तांब्याभर पाणी पडतं. आमच्या ह्यांना म्हटलं प्लंबर बोलवा, तर हे म्हणाले तांब्याभर पाण्यानं कोणी बुडत नाही."

"तुमच्या ह्यांना माझा नमस्कार सांगा," मी म्हटलं, आणि ते मनापासून म्हटलं.

गल्लीत आणखी चार घरं पाहिली. तिघांकडे बादली. चौथ्याकडे टाकीच नव्हती.

परत येऊन मी शेजारणीच्या नळाला गेज जोडलं आणि तिला गीझर लावायला सांगितला. दाब किलोत मोजतात. सुरुवातीला काटा चारवर होता. पाणी तापू लागलं तसा पाच, सहा, सात. आठवर व्हॉल्व्हनं पहिला थेंब सोडला आणि काटा तिथंच थांबला. मी बाहेर जाऊन पाण्याचा मीटर पाहिला. नवा कोरा होता.

मीटर बसवणारा माणूस पाणी कार्यालयात भेटला. सरळ होता, काही लपवत नव्हता. "चोवीस दिवसांपूर्वी ती अख्खी गल्ली केली आम्ही. नव्या मीटरमध्ये झडप असते. घरातलं पाणी उलटं रस्त्याच्या पाइपात जात नाही. पाणी शुद्ध राहावं म्हणून."

तर कोडं असं होतं. पाणी तापलं की फुगतं. शंभर लिटर पाणी तापून जवळजवळ दीड लिटर वाढतं आणि पाणी काही दाबून लहान करता येत नाही. वाढलेल्याला जायला वाट लागतेच. इतकी वर्षं ते गुपचूप उलटं रस्त्याच्या पाइपात जात होतं. कोणाला पत्ताही नव्हता. मीटरच्या झडपेनं ती वाट बंद केली, तेव्हा पाण्यानं दुसरी वाट धरली, सेफ्टी व्हॉल्व्हची. त्यावर उपाय साधा आहे. गीझरशेजारी एक छोटी फुगवटा-टाकी लावतात, आत रबराचा फुगा आणि हवा. वाढलेलं पाणी तिच्यात शिरतं आणि गार झालं की परत येतं.

"हे लोकांना सांगितलंत?"

"प्रत्येक घरी छापील सूचना दिली. जाड पिवळा कागद. बाइंडरच्या हातात मी स्वतः दिली."

बाइंडरच्या जबाबात शेवटचं वाक्य होतं, कसलीही सूचना मिळाली नाही. दोघांपैकी एकजण खोटं बोलत होता.

४

शुक्रवारी मी पुन्हा त्या घरी गेले. कामाच्या खोलीत दोऱ्या बांधून त्यांवर भिजलेली पुस्तकं उपडी टाकली होती. बाइंडर खुर्चीत होता, उजवा पाय स्टुलावर. अडुसष्टचं वय आणि गुडघा जाम. त्याची मुलगी पुस्तकं उलटसुलट करत होती. चष्म्याच्या दुकानात काम करते ती. बारीक स्क्रूंची सवय असलेले तिचे हात आता काय करावं ते न सुचून पानं सारखी करत होते.

"सूचना आली होती का हो?" मी विचारलं.

"नाही," बाइंडर म्हणाला. फार लवकर म्हणाला.

मी दोरीवरचं एक पुस्तक उचललं. गरम पाण्यानं खळ सुटली होती आणि कण्यावरचं कापड उलगडून आलं होतं. कणा घट्ट राहावा म्हणून बाइंडर आत कुठल्याही जाड कागदाची पट्टी चिकटवतात, हे मला माहीत होतं. ही पट्टी पिवळी होती. तिच्यावर छापलेलं होतं: 'घरात गीझर असल्यास फुगवटा-टाकी बसवून घ्यावी. सेफ्टी व्हॉल्व्ह कोणत्याही कारणाने बंद करू'. पुढचं कात्रीनं गेलं होतं.

काखेत कळसा म्हणतात तो हा असा. मी पुस्तक त्याच्या मांडीवर ठेवलं. त्यानं पट्टी वाचली. मला वाटतं, तो ती पहिल्यांदाच वाचत होता. मग परत वाचली.

"कागद चांगला होता," तो म्हणाला. "जाड होता. मी उलटी बाजूसुद्धा बघितली नाही. खरंच मला आठवत नव्हतं हो, सूचना बिचना."

तो खोटं बोलला नव्हता तर. या एका बाबतीत तरी. मुलगी खोलीतून बाहेर गेली.

"आता बुचाचं सांगा," मी म्हटलं.

"ते त्या प्लंबरनं..."

"बुचावर मेणाचा दोरा आहे. तुमच्या धंद्यातला."

त्यानं डोळे मिटले. "मीच मारलं. लिहा तसं."

"या गुडघ्यानं शिडी चढलात? तुम्हाला उंबरा ओलांडायला मुलीचा खांदा लागतो." मी खाली वाकून बोलले. "पुस्तकं शिवायचं कोण तुमच्याकडे?"

उत्तर खोलीतच होतं. खिडकीपाशी शिवणीचं लाकडी घोडं होतं, त्याच्यापुढे उशी टाकलेलं बुटकं स्टूल, आणि दोऱ्याचा मेणाळलेला गुंडा अर्ध्या शिवलेल्या वहीवर तसाच पडलेला. चार दिवस त्याला कोणी हात लावला नव्हता.

"तिच्या दोऱ्याला मीसुद्धा शिवायचो नाही," बाइंडर म्हणाला आणि रडायला लागला. "बोळात फर्मे, पुस्तकांचे छापून आलेले कागद, रचून ठेवतो आम्ही. नळीचं पाणी त्यांच्यावर उडायचं. एक अख्खं काम खराब झालं. बादली लहान पडायची, कधी ती ठेवायलाच विसरायची. मग म्हणाली, रोज रोज काय ही कटकट, आणि शिडी लावून चढली. मी शिडी धरली होती. तिनं स्वतःच्या हातानं स्वतःला मारलं, असं लोकांनी म्हणावं? बाहेरच्या माणसाचं नाव घेतलं तर तिचं तरी वाचेल, असं वाटलं."

"आणि बाहेरच्या माणसाची पोरं?"

वड्याचं तेल वांग्यावर काढणाऱ्याचा मला संताप येतो, पण समोरच्या म्हाताऱ्यावर संताप काढायला जागाच उरली नव्हती.

"बूच कधी मारलं?"

"टाकी फुटायच्या सोळा दिवस आधी."

मी लिहिता लिहिता थांबले. सोळा दिवस? बंद टाकी रोज तापत होती, रोज दीड लिटर पाणी वाढत होतं. मग ती सोळा दिवस फुटली का नाही?

५

दुसरी वाट बंद झाल्यावर पाण्याला तिसरी सापडली असली पाहिजे. आणि ती वायसरनं मला आधीच सांगितली होती. स्वयंपाकघरातला नळ, सकाळी जास्त गळणारा, मग कमी. जुन्या नळातला रबरी वायसर दाबाखाली थोडा उचलला जात होता आणि वाढलेलं पाणी तिथून थेंबाथेंबानं निघून जात होतं. गळका नळ म्हणून सगळे ज्याच्यावर वैतागत होते, तो सोळा दिवस त्या घराला सांभाळत होता.

मी स्वयंपाकघरात गेले. तिथला नळ आता गळत नव्हता. नवा होता, चकचकीत. तळाशी पांढऱ्या टेपची कड दिसत होती, सुलट्या बाजूनं, नीट गुंडाळलेली. काकूंचं काम हे नव्हे. नटावर प्लंबरच्या पान्याच्या दातांचे ओरखडे नव्हते. तिथं लाल कापडाचे दोन धागे अडकले होते, पुस्तकांच्या पुठ्ठ्याला लावतात त्या कापडाचे. नवी चकाकी खरवडू नये म्हणून कोणीतरी पान्याला कापड गुंडाळलं होतं. हळुवार, बारीक कामाची सवय असलेल्या कोणीतरी.

मागे बाइंडर भिंतीला धरून उभा होता. लंगडत, एकटाच आला होता.

"नळ कधी बदलला?" मी विचारलं.

"रविवारी दुपारी. आई ओट्यावरचं पाणी पुसून पुसून दमते म्हणून पोरीनं नळ आणला. खोक्यावरच्या सूचना वाचून बसवला. आईला एवढा आनंद झाला. सगळ्यांना बोलावून दाखवलं, बघा माझ्या लेकीनं केलं."

सोमवारी पहाटे पाचला टायमरनं गीझर लागला. सगळे झोपलेले, सातपर्यंत त्या घरात कोणी नळ उघडत नाही. सव्वासहाला काकू फर्मे घ्यायला बोळात आल्या.

"मला शास्त्र कळत नाही," बाइंडर म्हणाला. "पण नळ थांबला आणि दुसऱ्या सकाळी टाकी फुटली, एवढं जुळवता येतं. ती विचारत होती, पोलिसांना नळाचं सांगू का? मी म्हटलं, त्याचा काय संबंध." त्यानं माझा हात धरला. "बाई, बुचापर्यंत लिहा. तिच्या आईचं नाव लिहा, माझं लिहा. नळाचं लिहू नका. ती जगायची नाही."

एकतीस वर्षांत मला कोणी इतकी वाजवी विनंती केली नव्हती, आणि ती मान्य करता येत नव्हती. अहवाल बुचापाशी थांबवला, तर पहिला प्रश्न तोच येणार होता. सोळा दिवस फुटली नाही, मग सोमवारीच का? आणि शनिवारी घरात कोण येऊन गेलं होतं? वायसर. तो पुन्हा आत जाणार होता.

"मी लिहिणार," मी म्हटलं. "पण तिला ते माझ्या कागदातून कळू देऊ नका. अजून दोन दिवस आहेत. तुम्ही सांगा."

तो सांगेल अशी मला खात्री नव्हती. ज्यानं एका निरपराध माणसाला आत पाठवायची तयारी केली होती, त्याच्या हिमतीवर मी का विसंबावं?

६

सोमवारी मी न्यायाधीशांपुढे तिन्ही वाटा मांडल्या. मीटर, व्हॉल्व्ह, नळ. पहिली वाट बंद झाली तेव्हा कोणी समजावून सांगितलं नाही, नुसता कागद वाटला. दुसरी एका बाईनं बंद केली, तिला तिच्या हातचं काम ओलं होताना बघवत नव्हतं म्हणून. प्रत्येकानं समोर दिसलेली गळती बंद केली आणि गळती कशाची आहे, ते कोणी विचारलं नाही. वायसरच्या चुकीचंही मी लिहिलं होतं. पहिल्याच दिवशी त्यानं मीटर बघायला हवा होता. तो ऐकताना मान हलवत होता.

"तिसरी वाट कोणी बंद केली?" न्यायाधीशांनी विचारलं. "नळ कोणी बदलला?"

मी मागे पाहिलं. बाइंडर खाली बघत होता. त्याच्या शेजारची खुर्ची सरकली.

"मी," मुलगी म्हणाली. "नळ मी बसवला. काल बाबांनी सगळं सांगितलं मला. प्लंबरदादांनी बूचही मारलं नाही आणि नळही बसवला नाही. बाबांचा जबाब खोटा आहे. त्यांना ते स्वतः सांगायचंय, पण त्यांना उभं राहायला वेळ लागतो."

आणि बाइंडर उभा राहिला. वेळ लागला. त्यानं सगळं सांगितलं, शिडी धरल्याचंही.

दुपारी वायसर सुटला. लायसन्स राहिलं. खोट्या जबाबाबद्दल बाइंडरवर काय ते पुढे होणार होतं. बाहेरच्या व्हरांड्यात पोलिसांनी वायसरला त्याची कामाची पिशवी परत दिली. तो पावतीवर सही करत असताना मुलगी त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली. 'माफ करा' एवढंही तिला पुरतं बोलता आलं नाही.

वायसरनं पिशवी बाकावर ठेवली आणि उघडली. आतून एक खोकं काढून तिच्या हातात दिलं. नवा नळ होता. तिनं बसवला होता तसाच, त्याच मापाचा.

"शनिवारी माप घेऊन गेलो ना, तेव्हाच आणून ठेवला," तो म्हणाला. "गेल्या सोमवारी नऊला येऊन बसवणार होतो. वीस वर्षं हे काम करतोय ताई, आणि मी तो तुमच्यापेक्षा घट्ट बसवला असता. मंगळवारी सकाळी हेच झालं असतं."

ती ते खोकं उराशी धरून बाकावर बसली आणि मोठ्यानं रडली. आठवड्यात पहिल्यांदाच, असं नंतर बाइंडर म्हणाला. वायसर तिच्या शेजारी बसून राहिला. घाईत नव्हता.

बाइंडर भिंत धरत धरत जवळ आला आणि त्यानं दोन्ही हात जोडले. वायसरनं त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि मान वळवली.

"काकांचं मला जमेल की नाही माहीत नाही," तो मला म्हणाला. "वेळ लागेल."

लागू दे, मी म्हटलं.